चालीचा पत्ता



आपल्या मंदिरजीच्या कपाटात पूजेच्या मोठ्या पुस्तकांशेजारी भजनांच्या बारक्या पुस्तिकांचा एक गठ्ठा असतोच. कुणी सासूबाईंच्या स्मरणार्थ छापलेल्या, कुणी व्रताच्या उद्यापनाला वाटलेल्या. त्यातली कुठलीही उघडा. भजनाच्या डोक्यावर एक बारीक ओळ दिसेल, ‘तर्ज’ नाहीतर ‘चाल’, आणि पुढे एखाद्या सिनेमातल्या गाण्याचे तीन-चार शब्द. त्या ओळीकडे आपण कधी नीट बघत नाही. पण ती आपल्या बायकांची स्वरलिपी आहे. सा रे ग म काही न लिहिता, ज्या गाण्याची चाल वापरायची त्या गाण्याचा पत्ता तेवढा दिलेला.

ही युक्ती आजकालची नाही. गुजराती-राजस्थानी जैन कवींनी शेकडो वर्षं रास आणि स्तवनं लिहिली. प्रत्येक ढाळेच्या सुरुवातीला ते ‘देशी’ लिहीत, म्हणजे त्या काळी घरोघर म्हटल्या जाणाऱ्या एखाद्या गाण्याची पहिली ओळ. मोहनलाल दलीचंद देसाई यांनी ‘जैन गुर्जर कविओ’ हा प्रचंड ग्रंथ तयार केला, तेव्हा अशा देशींची लांबच लांब यादी त्यांनी गोळा केली. यादी आहे, पण त्यातली बरीचशी गाणी आज कुणाला येत नाहीत. स्तवनाचे शब्द शाबूत, पत्ताही शाबूत, आणि त्या पत्त्यावरचं घर पडून गेलेलं. आपल्याकडे म्हटली जाणारी द्यानतराय, भूधरदास, दौलतराम यांची हिंदी पदं पाहा. तिथे वर रागाचं नाव असतं. पण रागाचं नाव म्हणजे गावाचं नाव झालं, घर नंबर नाही. एकाच रागात दहा जणी दहा चाली लावतील.

सुरांचा विचार आपल्या परंपरेत कमी झाला असं मात्र नाही. स्थानांग आणि अनुयोगद्वार या आगमांत षड्जापासून निषादापर्यंत सातही स्वरांची नावं आहेत, कोणता प्राणी-पक्षी कोणत्या स्वरात बोलतो तेही आहे. दिगंबर आचार्य पार्श्वदेवांचा ‘संगीतसमयसार’ आणि चौदाव्या शतकातल्या सुधाकलशांचा ‘संगीतोपनिषत्सारोद्धार’ हे दोन जैन ग्रंथ संगीताच्या अभ्यासकांना आजही लागतात. इकडे देवगिरीला यादवांच्या पदरी शार्ङ्गदेवांनी तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, त्यात स्वरांची आद्याक्षरं मांडून चाली दिल्या आहेत. म्हणजे अक्षरांनी चाल लिहिता येते हे ठाऊक होतं. पण गाणारे लिहीत नव्हते. गुरूच्या तोंडून शिकायचं, आणि ज्याला द्यायचं नाही त्याला ऐकूही द्यायचं नाही.

हे बदललं ते दोन मराठी विष्णूंमुळे. विष्णू नारायण भातखंडे (१८६०–१९३६) मुंबईचे वकील. विष्णू दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) कुरुंदवाडचे. फटाक्याने दृष्टी अधू झाली आणि ते गाण्याकडे वळले. पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणं वर्गात, फळ्यावर, पुस्तकातून शिकवायला सुरुवात केली. भातखंड्यांनी देशभर हिंडून, उस्तादांची मनधरणी करून बंदिशी मिळवल्या आणि ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत दीड हजारांहून जास्त स्वरलिपीसह छापल्या. ज्या चाली एकेका घराण्याच्या तिजोरीत होत्या, त्या दुकानात विकत मिळू लागल्या. उस्तादांना हे रुचलं नाही यात नवल नाही. आपल्या आज्या लोणच्याचं प्रमाण तरी कुठे सांगायच्या!

आता या लिपीच्या खुणांकडे जरा लक्ष द्या, कारण पुढची सगळी कथा या खुणांचीच आहे. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ येते. तीव्र मध्यमावर उभी रेघ. मंद्र सप्तकाच्या स्वराखाली टिंब, तार सप्तकाच्या स्वरावर टिंब. एका मात्रेत दोन-तीन स्वर घ्यायचे असतील तर खाली कंस, मींड असेल तर वर कमान. समेला फुली, खालीला शून्य. शब्द लांबवायचा असेल तिथे अवग्रह. सोपी आणि देखणी पद्धत आहे.

पलुसकर पद्धतीतही खुणा जवळपास याच आहेत, फक्त अर्थ वेगळे. तिथे स्वरावरचं टिंब म्हणजे मंद्र सप्तक, आणि उभी रेघ म्हणजे तार! कोमल स्वराला पाय मोडलेला असतो. आपल्या मुली गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देतात, प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, त्यात दोन्ही पद्धती पाठ कराव्या लागतात आणि दर वर्षी कुणीतरी टिंबाच्या गोंधळात मार्क घालवते. म्हणजे एखादं जुनं पान हातात आलं तर आधी विचारायचं, हे कोणत्या विष्णूंचं? पानावर ते लिहिलेलं नसतंच.

आता संगणकाकडे येते.

खिळ्यांच्या छापखान्यात स्वरलिपी जुळवणं हे कंपोझिटरच्या डोळ्यांचं आणि बोटांचं काम होतं. हाथरसच्या संगीत कार्यालयाने, म्हणजे काका हाथरसींच्या संस्थेने, ते वर्षानुवर्षं निगुतीने केलं. १९३५ पासून त्यांचं ‘संगीत’ मासिक निघत आलं आहे. भातखंड्यांच्या मालिकेचा हिंदी अवतारही तिथलाच. नव्वदीत खिळे गेले आणि गावोगाव डीटीपीची दुकानं आली. अमरावतीत आली, आपल्या बडनेऱ्यातही आली. लग्नपत्रिका, पूजेची पत्रकं, भजनांच्या पुस्तिका सगळं तिथेच होऊ लागलं.

त्या वेळच्या मराठी फाँटची गंमत अशी की संगणकाला मराठी येतच नव्हतं. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा फाँटमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असायचं. संगणकाच्या लेखी ते इंग्रजीच. तो फाँट त्या मशीनमध्ये आहे तोवर ‘णमोकार’ दिसणार, फाँट गेला की इंग्रजी अक्षरांचा नि चिन्हांचा कचरा. शिवाय प्रत्येक कंपनीची बसवण्याची रीत निराळी, म्हणून एका फाँटचा मजकूर दुसऱ्यात उघडत नसे. सरकारने १९९१ साली ‘इस्की’ नावाचं मानक ठरवलं होतं, पुण्याची सी-डॅक त्यावर काम करत होती, पण दुकानात चालला तो ज्याचा त्याचा फाँट.

आणि कोमल रेघ? ती फाँटमध्ये नसायचीच. कुणी हुशार डीटीपीवाला एखाद्या न लागणाऱ्या चिन्हाच्या जागी ती बनवून घ्यायचा, कुणी शब्दाला अधोरेखित करायचा, कुणी पान छापून झाल्यावर काळ्या पेनने रेघा मारून मगच झेरॉक्सला पाठवायचा. आमच्या महिला मंडळाने तेव्हा पूजेच्या चालींची एक स्वरलिपीसहित पुस्तिका अशीच करून घेतली होती. बत्तीस पानं. त्यातल्या जयमालेच्या काही चाली कारंज्याकडून आलेल्या, काही मुक्तागिरीच्या यात्रेत ऐकून उचललेल्या, कोणत्याही सिनेमात नसलेल्या. दुसरी आवृत्ती काढायची ठरली तेव्हा दुकानदाराने सीडी दिली, पण तिच्यातली फाइल कुठेच उघडेना. ज्या प्रोग्रॅममध्ये ती केली होती त्याला संगणकामागे एक कुलूप, डोंगल, खोचावं लागे. ते जुन्या प्रिंटरच्या खाचेत बसायचं, आणि नव्या संगणकाला ती खाचच नाही. रूपांतर करून देणारे प्रोग्रॅम मिळतात म्हणून तेही करून पाहिलं. अक्षरं बरीचशी आली. रेघा मात्र आल्या नाहीत, कारण ती त्या दुकानदाराची घरगुती खूण होती, जगातल्या कुठल्याही तक्त्यात ती नव्हती.

इथे मला ‘तर्ज’च्या ओळीची आठवण झाली. पुस्तिकेत आम्ही चाल उतरवली असं समजत होतो. संगणकात मात्र तिचा पत्ताच होता, एका मशीनमधल्या एका फाँटमधल्या एका चिन्हाचा.

युनिकोड याच दुखण्यावरचा उपाय. १९९१ साली त्याची पहिली आवृत्ती निघाली, देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतलेली. प्रत्येक अक्षराला स्वतःचा नंबर, जगभर तोच, फाँट कोणताही असो. विंडोज २००० मध्ये मंगल फाँटसह देवनागरी आली. त्यानंतरच्या एक्सपीतही सेटिंगमध्ये जाऊन ती चालू करावी लागे, म्हणून वऱ्हाडातल्या दुकानांनी जुनेच फाँट पुढे पंधरा-वीस वर्षं ओढले. आता विंडोज १०ची मोफत देखभालही १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. अ‍ॅपलने तर २०१९ सालीच जुन्या, बत्तीस बिटांच्या प्रोग्रॅमांना दार बंद केलं. जुन्या मशीनवर जे तगून होतं, ते मशीनबरोबर भंगारात जाण्याचे हे दिवस आहेत.

पाश्चात्त्य संगीतवाल्यांची स्थिती आपल्यापेक्षा बरी असेल असं वाटतं. आहेही. त्यांची पाच रेघांची लिपी छापील पानावरून वाचायला संगणकाला शिकवण्याचा प्रयत्न अमेरिकेत एमआयटीच्या डेनिस प्रुस्लिन यांनी १९६६ सालीच केला. आज स्मार्टस्कोर, फोटोस्कोर, आणि फुकट मिळणारा ऑडिव्हेरिस असे प्रोग्रॅम आहेत. पान स्कॅन करा, प्रोग्रॅम आधी पाच रेघा शोधतो, मग त्यांच्यावरचे गोळे नि दांड्या ओळखतो आणि वाजवूनही दाखवतो. गोव्यातल्या चर्चच्या परंपरेत पाच रेघांची लिपी पिढ्यान्‌पिढ्या शिकवली जाते, त्यांना हे सगळं थेट कामाचं. पण आपलं सरगमचं पान दिलं तर पहिल्याच पायरीला गाडी अडते. पाच रेघाच सापडत नाहीत.

तिकडेही सगळं आलबेल नाही. फिनाले नावाचा स्वरलेखनाचा प्रोग्रॅम १९८८ पासून चालत होता, कित्येकांचं आयुष्यभराचं काम त्याच्या फाइलींत. ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने जाहीर केलं की आता बस, पुढे सुधारणा नाहीत. घेतलेला प्रोग्रॅम नव्या संगणकावर चालू करून घ्यायला आधी वर्षभराचीच मुदत दिली होती. लोक चिडले तेव्हा ती मागे घेतली. त्या गडबडीत निश्चिंत राहिले ते म्युझिकएक्सएमएल नावाच्या साध्या मजकुराच्या रूपात आपली पानं आधीच काढून ठेवलेले. त्यात कोणता स्वर, किती लांब, कोमल की तीव्र हे सरळ शब्दांत लिहिलेलं असतं, म्हणून म्युझस्कोरसारखा दुसरा प्रोग्रॅमही ते वाचू शकतो.

मग आपण आपलं छापील पान मोबाइलवर वाचून घेतलं तर? फोटो काढला की मराठी अक्षरं मजकूर होऊन येतात, ही सोय आता सगळ्यांकडे आहे. मी आमच्या पुस्तिकेच्या पानांवर ती वापरून पाहिली. सा रे ग म ओळीने आले, आणि क्षणभर आनंदच झाला. मग दिसलं की अक्षरं वाचणाऱ्या प्रोग्रॅमला खालची रेघ म्हणजे अधोरेखन वाटतं, आणि ते तो पुसून टाकतो. वरची-खालची टिंबं त्याला कागदावरचे डाग वाटतात. मात्रेचे कंस तर कुठल्या कुठे. विचार करा, याचा परिणाम काय होतो. भैरव रागात रे आणि ध कोमल. रेघा गेल्या की उरतो बिलावल. भैरवीत रे, ग, ध, नि चारही कोमल. रेघा गेल्या की तिचाही बिलावल! पहाटेच्या अभिषेकाचा भैरव असो की शेवटच्या आरतीची भैरवी, यंत्रातून सगळ्या एकाच रागाच्या होऊन बाहेर येतात. शब्दाची चूक वाचताना डोळ्याला खटकते. सुराची चूक कागदावर अगदी बरोबर दिसते, ज्या बाईने मूळ चाल ऐकली आहे तिलाच ती कळते.

लिपी बदलताना जाणत्या माणसाला पर्याय नसतो, याचं उदाहरण आपल्या अमरावतीतच आहे. धवला टीकेसह षट्खंडागमाचा पहिला भाग १९३९ साली अमरावतीहून प्रसिद्ध झाला. किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवणाऱ्या डॉ. हीरालाल जैन यांनी तो संपादित केला. मूळ ताडपत्रं मूडबिद्रीला, भाषा प्राकृत-संस्कृत, लिपी जुनी कन्नड. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या नकला करण्याचं काम सुरू झालं, पण ग्रंथ बाहेर न्यायची मुभा नव्हती. नक्कल करणाऱ्या गजपती शास्त्रींनी घरी गुपचूप आणखी एक कन्नड प्रत तयार केली, आणि त्या कामात त्यांची पत्नी लक्ष्मीबाई हिचा हात होता. तीच प्रत पुढे सहारनपूरला गेली, तिथे तिची नागरी प्रत झाली, आणि नकलांच्या नकला होत होत ग्रंथ कारंजा आणि अमरावतीपर्यंत पोचला. गुपचूप नक्कल करावी की नाही, यावर तेव्हाही वाद झाला, आजही होईल. मला त्यात दिसते ती लक्ष्मीबाई. ताडपत्रावरून कागदावर, कन्नडातून नागरीत, नागरीतून छापखान्यात, अशा प्रत्येक उडीला कुणीतरी अक्षर न् अक्षर वाचणारं बसलेलं होतं. म्हणूनच आपल्याला धवला वाचायला मिळते.

आमच्या बत्तीस पानांचंही आम्ही तसंच करतो आहोत. मंगळवार-शुक्रवार दुपारी चार जणी बसतो. एक जण छापील पानावरून स्वर म्हणते, दुसरी टाइप करते, तिसरी पेटीवर तपासते, आणि चौथ्या आमच्या ज्येष्ठ काकू. डोळ्यांना आता दिसत नाही, पण ‘इथे ग उतरता घ्या’ असं न बघता सांगतात.

कुणाला करायचं असेल तर खुणांची सोय सांगते. युनिकोडच्या देवनागरीत वेदपाठासाठी उदात्त-अनुदात्ताच्या खुणा पहिल्यापासून आहेत. अनुदात्ताची आडवी रेघ आपल्या कोमल रेघेसारखीच दिसते, आणि उभी रेघ तीव्र मध्यमासारखी. म्हणून रे॒ ग॒ ध॒ नि॒ आणि म॑ असं साध्या मजकुरात लिहिता येतं. तार षड्जाला अनुस्वार देऊन सां, मंद्राला खाली नुक्ता देऊन नि़. कीबोर्डवर या खुणा शोधत बसू नका. एकदा मिळाल्या की वेगळ्या ठेवून द्यायच्या आणि चिकटवत राहायच्या. मात्रेच्या कंसासाठी असं सोपं काही नाही. आम्ही एका मात्रेतले स्वर जोडून लिहितो आणि मात्रांमध्ये जागा सोडतो. कमान नाही, तिथे ‘मींड’ असा शब्दच लिहितो. दिसायला भातखंड्यांच्या पानाइतकं सुबक नाही. सुबक पानासाठी खास स्वरलिपीचे फाँटही निघाले आहेत, पण ते छापण्यापुरते वापरायचे आणि साठवायचा तो साधा मजकूर, असं आम्ही ठरवलं आहे. पानाच्या डोक्यावर ‘भातखंडे पद्धत’ असं स्पष्ट लिहायचं हेही. शिवाय छापील पानाचा फोटो सोबत ठेवायचा, आणि काकूंच्या आवाजातलं मोबाइलवरचं रेकॉर्डिंगही. कारण कोमल गंधार नेमका किती कोमल, हे कोणत्याच विष्णूंच्या लिपीत मावत नाही.

नंदीश्वर पूजेच्या जयमालेपर्यंत आलो आहोत. एकोणीस पानं झाली, तेरा उरलीत. तिथे सध्या काम थांबलंय, कारण दुसऱ्या ओळीचा ध छापील पानावर शुद्ध आहे आणि काकू तो कोमल म्हणतात. छापताना रेघ मारायची राहिली असेल, किंवा काकूंच्या माहेरी, मूर्तिजापूरकडे, तो तसाच म्हणत असतील. दोन्ही लिहून ठेवतोय, कोणता कुणाचा त्याच्या नोंदीसह. तुमच्यापैकी कुणाच्या गावी ही जयमाला जुन्या चालीवर म्हणत असतील, तर मला तेवढी दुसरी ओळ म्हणून पाठवा.